दोघांपुरती हवा

कसबा बावडा, कोल्हापूर
३ एप्रिल २०२५

सोमशेखर यांस,

मी राजवर्धनचा, तुमच्या राजाचा बाप, सयाजी. तू मला बघितलंयस. कॉलेजात तुमी दोघं एका खोलीवर ऱ्हायचा तवा दोन-तीनदा आमच्यात जेवायला आलतास. मग दोघं मिळून अंदमानला गेलासा, ते गेलासाच.

फोन करून काय उपेग न्हाय. सगळं आयुष्य शिरोलीच्या फौंड्रीत कास्टिंग घासायच्या खात्यात गेलं, कान तिथंच ऱ्हायलं. मोबाईलवरची बारीक अक्षरं दिसत न्हाईत. म्हणून कागद. शुद्ध लिहायला जमत न्हाय, बोलतो तसं लिहितो.

फेब्रुवारीत माझं पोरगं पेटीतनं घरी आलं. तुझ्याबरोबर पाण्यात उतरलं हुतं. तू त्याच्यासंगं आला न्हाईस. मातीला आला न्हाईस, दिवसाला आला न्हाईस. फोनवर माझ्या पुतण्याशी, राजवीरशी, दोन वाक्यं बोललास म्हणं आन ठेवलास.

राजवीर वकिलाकडं कामाला हाय. त्यानं तिकडनं पोलिसांची कागदं मागवली. त्यात तुझा जबाब हाय. राजानं खाली तुझ्याकडं हवा मागितली, तू दिलीस, असं तू म्हणतोस. आन त्याच कागदात लिवलंय की त्याच्या पाठीवरच्या टाक्या वर आल्या तवा निम्म्याच्या वर भरलेल्या हुत्या. राजवीर म्हणतो, "काका, ज्याच्याकडं हवा हाय तो दुसऱ्याकडं मागंल कशाला? ह्यो खोटं बोलतोय. ह्यानं त्याला खाली सोडला आन मग घाबरून वर आणला." त्यानं तुझ्यावर तक्रारीचा अर्ज तयार करून ठेवलाय. माझी सही तेवढी ऱ्हायलीय.

भावकीत सगळी म्हणत्यात सही कर. मी म्हटलं, आधी त्याला इचारतो. माझ्या घरी जेवलाय त्यो.

तर सांग. हवा हुती तर मागितली का? आन दिलीस तर मेला कसा?

सयाजी


पोर्ट ब्लेअर
१७ एप्रिल २०२५

ती. सयाजीकाकांस सा. न.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही आधी मला विचारलंत, एवढंही कुणी केलं नव्हतं.

थोडं आमच्या कामाचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. पर्यटकांना आम्ही जे करायला लावतो ते साधं डायव्हिंग. त्यात काही बिघडलं तर माणूस सरळ वर येऊ शकतो. मी आणि राजा त्याच्या पुढचं करायचो, बुडालेल्या जहाजांवर खोल उतरायचं. तिथून सरळ वर येता येत नाही. खोल पाण्यात श्वासातला वायू रक्तात मुरतो. सोडावॉटरच्या बाटलीचं बूच एकदम काढलं की कसं फसफसतं, तसं माणूस एकदम वर आला की त्याच्या रक्तात होतं. म्हणून थांबत थांबत यायचं. काही पातळ्या ठरलेल्या असतात, प्रत्येकीवर काही मिनिटं पाण्यात नुसतं लटकून राहायचं.

म्हणजे खाली असताना वरचं आभाळ आमच्यासाठी बंद असतं. काही झालं तर जवळ असतो तो फक्त जोडीदार. हवा संपली, नळी बिघडली, तर त्याच्याकडे जायचं आणि हात गळ्यावरून आडवा फिरवायचा. ही मागायची खूण. आणि देणाऱ्यासाठी नियम असा, की काहीही विचारायचं नाही. त्याच्या टाकीत किती आहे ते बघत बसायचं नाही. आपल्या तोंडात जी नळी आहे तीच काढून त्याच्या तोंडात द्यायची, कारण ती चालू आहे हे आपल्याला नक्की माहीत असतं, आत्ताच तिच्यातून श्वास घेतलेला असतो. आपल्यासाठी दुसरी नळी गळ्यापाशी रबरात अडकवलेली असते, ती आपण घ्यायची. मग त्याचा पट्टा धरायचा, त्याच्या डोळ्यांत बघायचं आणि दोघांनी बरोबरच वर निघायचं. देतो ती नळी मुद्दाम माणसाच्या उंचीपेक्षा लांब असते, म्हणजे अडचणीच्या जागेतूनही दोघांना येता येतं. हवा एकाच्याच टाक्यांतली, ओढणारे दोघं.

हे आम्ही प्रत्येक वेळी उतरल्यावर करून बघायचो. राजाला त्यात भारी मजा वाटायची. मी बेसावध असताना मागून यायचा आणि गळ्यावर हात फिरवायचा. मी दिली की दोन श्वास घेऊन परत द्यायचा आणि मुखवट्याच्या आत हसायचा. मुखवट्यात पाणी शिरेपर्यंत हसायचा.

त्या दिवशी आम्ही जहाजाच्या मागच्या अंगाला होतो. तो माझ्यापासून चार हातांवर होता. वळलो तर तो भराभर माझ्याकडे येत होता आणि हात गळ्यावरून फिरवत होता. मला क्षणभर वाटलं, आजही चेष्टाच. पण डोळे बघितले आणि कळलं. मी तोंडातली काढून दिली. त्यानं घेतली. मी माझी दुसरी घेतली, त्याचा पट्टा धरला. मग त्याच्या टाकीचा काटा बघितला, तर भरपूर हवा होती. काका, राजवीरला जो प्रश्न पडलाय तो मला त्या वेळी तिथंच पडला. पण खाली त्याचं उत्तर शोधायचं नसतं. मी 'वर चल' म्हणून अंगठा वर केला आणि आम्ही निघालो.

मी त्याला सोडलं नाही. याला साक्षीदार कुणी नाही. खाली आम्ही दोघंच होतो.

मातीला येता आलं नाही. त्याचं कारण सांगून आता काही बदलणार नाही. अर्जावर सही करायची असेल तर करा. मी इथंच आहे.

आपला,
सोमशेखर


कसबा बावडा
२९ एप्रिल २०२५

सोमशेखर यांस,

सोडावॉटरचं कळलं. नळीचं बी कळलं. बाकीचं डोक्यात शिरत न्हाय.

तुझ्या टाकीतली हवा तू बी घेत हुतास, त्यो बी घेत हुता. तू जगलास. मग त्याला ती का पुरली न्हाय? कारण सांगून बदलणार न्हाय म्हणतोस, मला काय बदलायचं न्हाय, मला कळायला पायजे. चार माणसं मला रोज नवं नवं सांगत्यात. पानपट्टीवाला सुद्धा सांगतो. मला ऐकू येत न्हाय तर हातवारे करून सांगतो. वर बोट, खाली बोट, मग मान वाकडी. मी बघत ऱ्हातो.

त्यो लहान असताना हितं राजाराम बंधाऱ्यावर पवायला जायचा. मला पवता येत न्हाय. मी काठावर उभा. पोरं बुडी मारायची, बाकीच्यांचं बाप हाक मारायचं आन पोरं पाण्यातनं ओ द्यायची. मी हाक मारली तर ओ आली का न्हाय ते मला कळायचं न्हाय. म्हणून मी हाक मारायचोच न्हाय. नुसतं पाण्याकडं बघत ऱ्हायचो, डोस्कं वर येईस्तवर. ते त्याला म्हाईत हुतं. वर आला की आधी माझ्याकडं बघून हात हलवायचा, मग श्वास घ्यायचा.

वर येताना त्यानं काय केलं? शेवटपर्यंत शुद्धीत हुता का? काय म्हणाला का? पाण्यात बोलता येत न्हाय ते मला कळतं. पण ह्या घरात बी कुणी तोंडानं बोलत न्हवतं. काय केलं ते सांग.

राजवीर रोज येतोय.

सयाजी


पोर्ट ब्लेअर
१४ मे २०२५

ती. सयाजीकाकांस सा. न.

माझी हवा चांगली होती. राजाचीही चांगली होती. त्याची नळीही नंतर तपासली, तिच्यातही काही दोष निघाला नाही.

इथल्या डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगतो. कधी कधी, फार क्वचित, पाण्याच्या दाबानं आणि श्रमानं शरीरातलंच पाणी फुफ्फुसात उतरायला लागतं. समुद्राचं नव्हे, स्वतःच्या अंगातलं. रक्तदाब असेल तर शक्यता वाढते, पण धडधाकट माणसालाही होतं. अशा वेळी टाकी भरलेली असते, नळी चालू असते आणि माणसाला वाटतं की हवाच येत नाही. म्हणून तो दुसऱ्याची मागतो. दुसऱ्याचीही त्याला पुरत नाही, कारण कमी हवेची नसतेच.

म्हणजे त्यानं मागितली ते बरोबर होतं. मी दिली तेही बरोबर होतं. आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. हे मी कुणाला सांगू शकलो नाही, काका. लोकांना चूक कुणाची ते हवं असतं. चूक सापडली असती तर मलाही बरं वाटलं असतं.

आता वर येतानाचं. पहिल्या थांब्यावर तो शुद्धीत होता. खोकत होता. नळी तोंडात ठेवून पाण्यातही खोकता येतं, आम्हाला ते शिकवलेलं असतं. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. मी हातानं 'हळू, हळू' करत होतो. तो मान हलवत होता.

दुसऱ्या थांब्यावर त्यानं नळी तोंडातून काढायला हात नेला. मी तळहातानं ती तशीच दाबून धरली. मग त्यानं एक खूण केली. बोटं जुळवून आपल्या छातीवर दोनदा टेकवली, मग तोच हात उताणा करून माझ्याकडे सरकवला. सावकाश, अगदी नीट, जणू काही घाई नाही. मला कळली नाही. त्यानं परत केली. आमच्या शिकवणुकीत अशी खूण नाही. मी नंतर इथल्या सगळ्यांना विचारलं, कुणालाच माहीत नाही. 'मी ठीक आहे' म्हणत होता, का 'वर जाऊ' म्हणत होता? तुमच्या पत्रात वाचलं की घरात कुणी तोंडानं बोलत नव्हतं, म्हणून विचारतो. तुम्हाला काही कळतं का?

त्या खुणेनंतर तो फार वेळ तग धरणार नाही असं मला वाटलं. पुढचे थांबे आम्ही घेतले नाहीत. मी त्याला घेऊन सरळ वर आलो. बोटीवर त्याला ऑक्सिजन लावला. डोळे उघडे होते, वर बघत होता. बोलला नाही. बंदराचा धक्का दिसायला लागला त्याच्या थोडं आधी तो गेला.

शेवटपर्यंत माझी नळी त्याच्या तोंडात होती. बोटीवर घेईपर्यंत.

आपला,
सोमशेखर


कसबा बावडा
२६ मे २०२५

चि. सोमशेखर यास,

तुझं पत्र येऊन चार दिवस झालं. रोज लिहायला बसतो आन उठतो.

ती खूण आमच्या घरातली हाय.

माझं कान गेलं तवा राजा शाळेत सुद्धा जात न्हवता. त्याची आई, शालूबाई, माझ्याशी हातानं बोलायला लागली. तिचं बघून त्यो बी. कुणी शिकवलं न्हाय, आपोआप हुत गेलं. पाणी, दार, पाऊस, मास्तर, पगार झाला, लई दमलो, सगळ्याला खुणा.

शालूबाई सगळ्यांच्या मागनं जेवायची. परडीत शेवटची भाकरी उरली की ती राजाकडं बघायची, अजून पायजे का म्हणून. पोरगं बारकं हुतं, पण त्याला कळायचं आईला काय उरलं न्हाय. पोट भरलेलं नसलं तरी बोटं जुळवून छातीवर दोनदा टेकायचा आन हात तिच्याकडं सरकवायचा. माझं झालं, आता तू घे. अशी खूण हाय ती.

आता तूच बघ त्यो तुला काय म्हणत हुता.

त्याला वाटलं असणार की तुझी हवा त्यो संपवतोय. म्हणून नळी काढायला लागला. माझं झालं, तू घे म्हणाला. आन तू घेतली न्हाईस. तळहातानं दाबून त्याच्या तोंडात ठेवलीस.

हे वाचून मी उठून मोरीत गेलो आन तोंड धुतलं. परत आलो, परत वाचलं, परत धुतलं.

राजवीरला मी सांगितलं अर्ज करायचा न्हाय. त्यो लई वरडला. त्याचं तोंड उघडताना आन मिटताना दिसत हुतं, गळ्याच्या शिरा दिसत हुत्या. मला काय ऐकू आलं न्हाय. कान गेल्याचा पहिल्यांदाच फायदा झाला.

पानपट्टीवाल्याला बी जाऊन सांगितलं. त्याला हातानं न्हाय, तोंडानं सांगितलं. मला माझा आवाज कळत न्हाय, पण रस्त्यावरची माणसं थांबली म्हंजे मोठ्यांदा बोललो असणार. म्हटलं, ज्याला तुमी नावं ठेवताय, त्यानं माझ्या पोराला शेवटपर्यंत हवा दिली.

तू मातीला का आला न्हाईस हे तेवढं मला अजून कळलं न्हाय. तेवढं सांगितलंस तर माझं मन मोकळं हुईल.

सयाजी


कसबा बावडा
२० जुलै २०२५

चि. सोमशेखर यास,

मेमध्ये पत्र टाकलं. जून गेला, जुलै सरत आला, तुझं उत्तर न्हाय. खूण सांगितली ती सांगायला नको हुती का, असं वाटायला लागलं. पोस्टमन दिसला की मी दारात. त्यो लांबनंच हात हलवतो, न्हाय म्हणून.

परवा एक पोरगी दारात उभी. पाठीला मोठी पिशवी, अंगावर रेनकोट. चंदगडची क्रांती. तुमच्या बोटीवर हुती म्हणाली. म्हंजे वहीत लिहून दाखवलं, मला ऐकू येत न्हाय हे तिला म्हाईत हुतं, राजानं सांगितलेलं. पावसाळ्यात तिकडचं काम बंद म्हणून गावाकडं निघालेली. राजाचे कपडे, बूट, एक कंगवा, दोन पुस्तकं घिऊन आलती. चंदगडची गाडी सुटायला अवकाश हुता. मी चहा केला, ती लिहीत बसली.

तिनं जे लिहिलं ते तू मला दोन-दोन पत्रात लिहिलं न्हाईस.

थांबे न घेता वर येणं म्हंजे काय हे तू मला पहिल्या पत्रातच सांगितलं हुतंस, सोडावॉटरचं. आन दुसऱ्या पत्रात एका ओळीत लिहिलंस, पुढचे थांबे घेतले न्हाईत. मी ती ओळ वाचली आन पुढं गेलो. मला कळलंच न्हाय. राजा काय थांबल्यानं बी वाचला नसता. थांबायचं तुला हुतं. त्याला एकट्याला सोडून दिला असता तर तू खाली थांबून नीट वर आला असतास.

क्रांती म्हणाली, बोटीवर ऑक्सिजनची टाकी एकच हुती. तुला बी त्याची गरज हुती, ह्या धंद्यातल्या सगळ्यांना ते म्हाईत असतं. तू बोलला न्हाईस. ती राजाला लावलीस. त्याचं हृदय थांबलं तवा तूच छाती दाबत बसलास. धक्क्यावर बोट लागली, तू उभा ऱ्हायलास आन पडलास. डाव्या पायातला जीव गेलेला. आम्ही हितं माती देत हुतो तवा तू तिकडं दवाखान्यातल्या लोखंडी खोलीत हुतास, दाबाखाली, रक्तातली फसफस जिरवायला.

आन आता हातात काठी घिऊन चालतोस, आन डॉक्टर म्हणालेत पाण्यात कवा जायचं न्हाय.

मी तुला लिहिलं, मातीला आला न्हाईस. दोनदा लिहिलं. तू वाचलंस आन गप बसलास. का रं? मी काय इतका वाईट माणूस वाटलो तुला?

राग आलाय मला. उत्तर दे.

सयाजी


पोर्ट ब्लेअर
९ ऑगस्ट २०२५

ती. सयाजीकाकांस सा. न.

तुम्ही वाईट माणूस नाही. म्हणूनच लिहिलं नाही.

पहिल्या पत्रात पायाचं लिहिलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, अर्जातून सुटण्यासाठी हा पाय पुढे करतोय. नंतर लिहायचं ठरवलं, तेवढ्यात तुमचं खुणेचं पत्र आलं. त्यानंतर मला काहीच लिहिता येईना. मी त्याला 'हळू, हळू' करत होतो आणि तो मला 'तू घे' म्हणत होता. आम्ही समोरासमोर, एका हाताच्या अंतरावर, आणि मला कळत नव्हतं. त्याला वाटलं असेल का, की मला कळतंय आणि मी ऐकत नाहीये? तेच बरं, असं मी आता स्वतःला सांगतो.

तुम्ही विचारलंत म्हणून आता सगळं लिहितो. डाव्या पायाला घोट्यापासून खाली कळत नाही. चप्पल निसटली तरी मागे बघेपर्यंत समजत नाही. उन्हाळ्यात एकदा तापलेल्या फरशीवर उभा होतो, कुणीतरी सांगितल्यावर पाय उचलला. बाकी ठीक आहे.

पावसाळा आहे, सगळे आपापल्या घरी गेलेत. मी डायव्हिंगच्या दुकानामागच्या खोलीत राहतो. टाक्या धुतो, नळ्या सुकवतो, रबरं बदलतो. खोलीत दोन खाटा आहेत. दुसरी काढून टाका असं मालक म्हणाले, मी नको म्हटलं, मग तिच्यावर माझेच कपडे टाकायला लागलो. हंगामात दुकानात पोरं असतात, चांगली आहेत, पण माझ्याशी सांभाळून बोलतात. मी आत गेलो की हसणं थांबतं. पाण्यात उतरायचं नाही म्हटल्यावर इथं करायचं काय, हेही कळत नाही. हंगाम होता तोवर किनाऱ्यावर बसून बोटी जाताना बघायचो. परत येईपर्यंत बसायचो. सगळे वर आले का ते मोजायचो, न विचारता.

गावी, गडहिंग्लजकडे हलकर्णीला भाऊ आहे. अव्वा, माझी आई, होती तोवर घर होतं. आता भाऊ-वहिनी बोलावतात, पण मी आलो की त्यांना काय बोलावं ते सुचत नाही. तरी दसऱ्यानंतर यायचं ठरवलंय. इथला मुक्काम संपवून. भावाच्या दुकानात बसेन.

कोल्हापुरावरूनच गाडी आहे. तुम्हाला चालणार असेल तर दोन तास उतरेन. नसेल चालणार तर तसं लिहा, मला वाईट वाटणार नाही.

आपला,
सोमशेखर


कसबा बावडा
११ ऑक्टोबर २०२५

चि. सोमशेखर यास अनेक आशीर्वाद.

पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. भावाच्या दुकानात बसायला लागलास, बरं झालं.

दसऱ्यानंतर तू आलतास त्याचं लिहायचं हाय. तोंडावर काय बोलणं झालंच न्हाय.

तू केएमटीच्या बसमधनं कोपऱ्यावर उतरलास ते मी दारातनं बघितलं. पाय ओढत यायला लागलास. पुढं हून हात धरावा का न धरावा, मला कळंना. धरला तर तुला बरं वाटलं नसतं, न्हाय धरला तर मला. तेवढ्यात तू येऊन पाया पडलास आन उठताना तुझा तोल गेला, मग धरावाच लागला. एका परीनं ते बरं झालं.

तू लिंगायत, म्हणून झुणका आन भाकरी केलती. भाकरी जाड झाली, मला म्हाईत हाय. तू जेवताना बोलत हुतास. लई येळ बोललास. तुझी दाढी हाय आन तू मान खाली घालून बोलतोस, त्यामुळं ओठ दिसत न्हाईत. मला एक अक्षर कळलं न्हाय. मी मान हलवत ऱ्हायलो. एकदा तुझं डोळं भरलं तवा बी मान हलवली. तुला वाटलं असंल मला सगळं कळतंय. न्हाय कळलं. खोटं कशाला सांगू.

मग बंधाऱ्यावर जाऊन बसलो. पाणी गढूळ हुतं. पोरं न्हवती. तू पाण्याकडं बघत हुतास, मी तुझ्याकडं. मग तुझी गाडीची येळ झाली.

तू गेल्यावर मी भांडी घासाय घेतली. तुझं ताट उचललं, त्यात भाकरीचा तुकडा उरलेला, आन माझा हात आपसूक उठला. रिकाम्या पाटाकडं बघून मी इचारलं, अजून घेणार? हातानं. शालूबाईची खूण हाय ती, दोन बोटं उचलायची आन भुवई वर करायची. हात तसाच वर ऱ्हायला.

तवा माझ्या ध्यानात आलं. ही भाषा तिघांची हुती. बहिऱ्यांच्या शाळेतली न्हवं, तिथल्या माणसाला ह्यातलं काय कळणार न्हाय. आमच्या चुलीपाशी झालेली. शालूबाई गेली तवा दोघांची झाली. राजा लांब हुता पण मोबाईलवर माझं तोंड दिसायचं त्याला, त्याचं मला, आमी तासतासभर बोलायचो. शेजारच्यांना वाटायचं म्हातारा फोनपुढं माश्या मारतोय. आता सगळ्या जगात ती एकट्याला येते. एकट्याला येऊन ती भाषा ऱ्हात न्हाय. नुसतं हात हालत्यात.

फेब्रुवारीपास्नं मी कुणाशी बोललो न्हाय, सोमशेखर. लोकांशी वरडतो, लिहितो, मान हलवतो. बोललो न्हाय.

राजाच्या जागी येऊन बस असं मी तुला म्हणत न्हाय. त्या जागी कुणी बसायचं न्हाय. तुला बी ते नकोय, तू पाट सोडून खाली फरशीवर बसलास ते मी बघितलं.

पण तिच्यातली एक खूण तुला येती. ती तू पाण्यात बघितलीस, कागदावर मला नीट लिहून पाठवलीस, एक बोट इकडचं तिकडं न करता. ज्याला एक येती त्याला बाकीच्या येतील. लई न्हाईत. भाकरी, पाणी, दुखतंय का, झोप आली, ऊठ, बस, भ्यालास का. रुसल्याची येगळी हाय, समजूत काढायची येगळी. काही मला बी आठवणार न्हाईत, दोघं मिळून नवीन करू.

कागदावर उतरत न्हाईत त्या. मी इथं आत्ता दोन-तीन लिहून बघितल्या आन खोडल्या. हात कुठनं उचलायचा ते लिहिता येतं, पण तोंडावर काय असायला पायजे ते कसं लिवायचं? त्याला समोरासमोरच बसावं लागतं, उजेडात.

रविवारी तुझ्या भावाचं दुकान बंद असतं असं तू कार्डात लिहिलंयस. सकाळची गडहिंग्लज-कोल्हापूर गाडी धर. दाढी काढून ये.

सयाजी